पीसीओएसमध्ये गोळ्या की इंजेक्शने: संप्रेरक उपचारांची तुलना कशी करावी

पीसीओएस म्हणजे अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड; त्यात स्त्रीबीज अनेकदा वेळेवर फुटत नाही. अशा वेळी गर्भ राहण्यासाठी कोणती गोळी चांगली हे ठरवण्याआधी, मुळात गोळीची गरज आहे का ते पाहावे. स्त्रीबीज वेळेवर फुटत नसेल, तर या औषधांचा उपयोग होतो. दोन्ही गर्भनलिका बंद असतील किंवा पतीच्या वीर्यतपासणीत मोठा दोष निघाला, तर नुसत्या गोळ्यांनी काही साधत नाही. पतीची तपासणी टाळून पत्नीलाच महिनोन्‌महिने औषधे देत राहण्याची आपल्याकडची रीत म्हणूनच सोडली पाहिजे. टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारे संप्रेरक) आणि प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे संप्रेरक) यांच्या तपासण्याही आधीच कराव्यात.

पीसीओएसमध्ये खरी तुलना क्लोमिफीन आणि लेट्रोझोल यांची असते. दोन्ही गोळ्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सुरू करून पाच दिवस घेतात. क्लोमिफीन शरीरात बराच काळ राहते आणि काही जणींच्या गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते, तर लेट्रोझोल इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची निर्मिती थोडे दिवसच रोखून लवकर शरीराबाहेर पडते. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले; त्यामुळे आज पहिली पसंती लेट्रोझोललाच मिळते. गोळीसोबतच्या पत्रकात स्तनांच्या कर्करोगाचा उल्लेख वाचून घरचे घाबरतात, पण त्या कर्करोगावरचा उपचार हे या औषधाचे मूळ काम आहे. भारतात वंध्यत्वासाठी त्यावर २०११ साली घातलेली बंदीही २०१७ साली उठली. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध एकटे घेतल्यास या दोन्हींपेक्षा कमी पडते.

गोनॅडोट्रोपिनची (अंडाशयाला थेट चालना देणाऱ्या संप्रेरकांची) इंजेक्शने जास्त प्रभावी असली, तरी ती गोळ्यांनी यश न आल्यावरच घ्यावीत. त्यांत खर्च वाढतो, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते आणि जुळ्यांची शक्यताही बरीच वाढते. एकाच वेळी तीन किंवा अधिक बीजपुटके (अंडाशयातील, बीज वाढणाऱ्या लहान पिशव्या) पक्व झाली, तर तो महिना सोडून देण्याचा सल्ला देणारे डॉक्टर योग्यच करतात, मग पैसे वाया गेल्याची हळहळ कितीही वाटो. पोट फुगणे, एक-दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचार लागू पडतो आहे का, हे अपेक्षित पाळीच्या आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉन (बीज फुटल्यावर वाढणारे संप्रेरक) तपासून कळते. बीज नियमित फुटूनही सहा पाळ्यांत गर्भ राहिला नाही, तर मात्रा वाढवण्याऐवजी पुढच्या उपचाराविषयी डॉक्टरांशी बोलावे. वय ३५च्या पुढे असल्यास तेवढेही थांबू नये.