घरातील ज्येष्ठांचे वाहनचालन कसे तपासावे

गाडी कोणी सोडावी आणि कोणी चालवत राहावी, हे जन्मतारखेवरून ठरत नाही. घरोघरी मात्र उलटेच दिसते: नजर मंदावलेले वडील पंचाहत्तरीतही रात्रीचा घाट उतरतात आणि धडधाकट आई ‘आता हेच चालवतील’ म्हणून किल्ली ठेवून देते. स्त्रिया पुष्कळदा प्रकृती ठीक असतानाच गाडी सोडतात, असे अनेक देशांतील अभ्यासांतही आढळले आहे. म्हणून दोघांचीही पारख एकाच मापाने करावी.

आरंभ डोळ्यांपासून करावा. भर उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, हे लायसन्सच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रातच विचारलेले असते. सोसायटीच्या आवारात ही चाचणी सहज होते. रात्रीची खात्री मात्र तीतून मिळत नाही, कारण साठीतील डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. काचबिंदूने बाजूची नजर कमी होते आणि ते बराच काळ लक्षातही येत नाही, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडून तीही तपासून घ्यावी.

मग शेजारच्या सीटवर बसून, सूचना न देता, नेहमीच्या रस्त्याने एक फेरी करावी. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या दुचाकीच्या वेगाचा अंदाज चुकतो का, मान खरोखर वळते की आरशावरच भागवले जाते, हे पाहावे. गाडीच्या डाव्या अंगावरचे ताजे ओरखडेही बरेच सांगून जातात. झोपेच्या व सर्दीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

आईच्या बाबतीत आसनाकडे अधिक लक्ष द्यावे. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात, शिवाय उंची कमी असल्याने सीट पुढे ओढली जाते आणि एअरबॅग फार जवळून उघडते. सीट उंच करून छाती व स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. पट्टा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडावरून जावा. सराव तुटला असल्यास सकाळी मंडईपर्यंतची फेरी तिच्याकडेच सोपवावी.

पंचावन्नीनंतर लायसन्सचे नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचा नमुना १-अ, म्हणजे प्रकृती तपासून दिलेला दाखला, लागतो. तो ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही करून आणण्याची पद्धत सर्रास आहे, ती आपल्या घरापुरती तरी बंद करावी. वडिलांच्या हातून किल्ली एकदम काढून घेऊ नये. आधी रात्र, मग मुसळधार पाऊस, मग द्रुतगती मार्ग, असे एकेक वगळत जावे.