बारवांचा नकाशा छापण्यापूर्वी परवान्याचे काय पाहावे
परभणी जिल्ह्यातील चारठाणा, वालूर आणि परिसरातील बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) दाखवणारा नकाशा आपण ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरील रस्ते, गावे व ओढे घेऊन तयार केला आहे, असे समजू. तो छापण्यापूर्वी आपण लोकांच्या हाती चित्र देत आहोत की माहितीचा साठा, हे ठरवावे. कारण १२ सप्टेंबर २०१२ पासून या माहितीला लागू असलेला ओपन डेटाबेस परवाना दोहोंना वेगळे नियम लावतो.

भित्तिपत्रक किंवा पुस्तिकेतील नकाशा हे चित्र होय. ते विकता येते, त्यावर स्वतःचा हक्कही राखता येतो. मात्र ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ हे श्रेय आणि माहिती या परवान्याखाली मिळते ही सूचना नकाशालगत, सहज वाचता येईल अशी द्यावी. (शेवटच्या पानावरील आभारांच्या गर्दीत हे श्रेय ढकलणे मला पटत नाही.) संकेतस्थळावर परवान्याच्या पानाचा दुवा द्यावा, तर कागदावर त्याचा पत्ता छापावा.

खरी गुंतागुंत आपली माहिती मिसळताना होते. बारवांची संपूर्ण यादी आपण स्वतः गावोगाव फिरून केली असेल आणि ती ओपनस्ट्रीटमॅपच्या रस्त्यांवर निराळा थर म्हणून ठेवली असेल, तर ती यादी खुली करण्याचे बंधन नाही. परंतु ओपनस्ट्रीटमॅपवरील बारवा घेऊन, तेथे नसलेल्या तेवढ्याच आपल्या यादीतून भरल्या, तर तो एकजीव साठा झाला. तो, किंवा त्यावरून काढलेला नकाशा, प्रसिद्ध केल्यास तो साठा अथवा त्यात केलेले बदल मागणाऱ्याला त्याच परवान्याखाली उपलब्ध करून द्यावे लागतात. चुकलेला रस्ता आपल्या प्रतीत दुरुस्त केला तरी हाच नियम लागू होतो. म्हणून अशी दुरुस्ती थेट ओपनस्ट्रीटमॅपवरच करणे सर्वांत सोपे.

नकाशा केवळ आपल्या संस्थेच्या अंतर्गत कामासाठी असेल आणि बाहेर दिला जाणार नसेल, तर साठा खुला करण्याची अट लागू होत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर नवी बारव नोंदवताना तिचे स्थान किंवा नाव गूगलच्या नकाशावरून उतरवू नये, कारण ती माहिती खुल्या परवान्याखाली नाही. जागेवर जाऊन जीपीएसने घेतलेली नोंद आणि गावकऱ्यांकडून विचारून घेतलेले नाव मात्र निःशंकपणे वापरावे.