स्पंदनशील ताऱ्यांचे निरीक्षण : या चुका टाळा

स्पंदनशील तारे, म्हणजे आलटून-पालटून फुगणारे-आकसणारे आणि तेज बदलणारे तारे, पाहणाऱ्या नवशिक्यांच्या वह्या माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा दुर्बिणीचे वर्णन अर्धे पान असते आणि वेळेच्या रकान्यात ‘रात्री दहा’ एवढेच असते.

वेळेची ही चूक मीही केली आहे. एका नोव्हेंबरात मी पन्हाळ्यावरून आणि माझा मित्र कळंब्याहून स्वरमंडल तारकासमूहातील आरआर लायरी हा तारा पाहत होतो. हा तारा सुमारे 13 तास 36 मिनिटांत 7.1 ते 8.1 प्रतींच्या दरम्यान बदलतो (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद). दोघांच्या नोंदींची आवर्तकालावर (एका आवर्तनाला लागणाऱ्या वेळेवर) घडी घातली, म्हणजे सगळी आवर्तने एकावर एक ठेवली, तर प्रकाशवक्राला (वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखाला) दोन शिखरे आली. या ताऱ्याच्या वक्राचा आकार सुमारे 40 दिवसांच्या चक्रात बदलतो हे वाचलेले असल्यामुळे तीन आठवडे आम्ही बिचाऱ्या ताऱ्यालाच दोष देत होतो. शेवटी वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसले की मी भारतीय प्रमाणवेळ लिहीत होतो आणि मित्र जागतिक वेळ. साडेपाच तासांच्या या फरकात या ताऱ्याचे 40 टक्के आवर्तन उलटून जाते. आता मी फक्त ज्युलियन दिनांक, म्हणजे जागतिक वेळेनुसार चालणारी दिवसांची सलग मोजणी, लिहितो. तो आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलत असल्याने अख्खी रात्र एकाच आकड्यात मावते.

रोज जेवण उरकून ठरावीक वेळीच गच्चीवर जाणारे याच ताऱ्याचा आवर्तकाल चुकून 1.31 दिवस काढून आणतात, आणि त्यांचा वक्र दिसतोही देखणा. चोवीस तासांच्या अंतराने घेतलेल्या नोंदींना मधले एक आवर्तन निसटले हे कळत नाही. म्हणून मे महिन्यात रात्री एकपासून पहाटे साडेचारपर्यंत दर दहा मिनिटांनी नोंद घ्यावी. झोप प्रिय असलेल्यांनी दीर्घ आवर्तकालाचा मीरा हा तारा पाहावा.

वर्णपटाची, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून त्यावरून वेग काढण्याची, घाई तर करूच नये. गरुड तारकासमूहातील ईटा अक्विली या स्पंदनशील ताऱ्याचा दृष्टिरेषेतील (आपल्याकडे येण्याचा वा दूर जाण्याचा) वेग 7.18 दिवसांच्या आवर्तनात सेकंदाला सुमारे 40 किलोमीटरने बदलतो. पृथ्वी स्वतःच सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने फिरते, ती वजावट न करता काढलेला आलेख पृथ्वीचाच असतो. प्रकाश रंगांत फोडणाऱ्या, मिलिमीटरला 100 रेषांच्या साध्या जाळीतून हा वेग मोजता येत नाही. तारा सर्वाधिक फुगलेला असताना सर्वाधिक तेजस्वी असतो, हेही खरे नाही. तेज मुख्यतः तापमानामुळे बदलते.

जेपेग छायाचित्रावरून प्रत मोजू नये.

तुलनातारा, म्हणजे ज्याच्याशी ताडून तेज ठरवायचे तो तारा, शेजारचा आणि तेवढ्याच उंचीवरचा घ्यावा, कारण गाळप हंगामात पाचट पेटवले की क्षितिजाकडचे तारे वरच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक मंदावतात. फारच दाटले, तर मी वहीत ‘धूर’ एवढेच लिहून दुर्बीण झाकतो.