अफगाण हाउंडचे केस आणि त्याचं धावणं, दोन्ही कसं सांभाळायचं

अफगाण, सलुकी, बोर्झोई ही सगळी नजरेवर शिकार करणारी कुत्री. लांब काहीतरी हललं की डोळे तिकडे लागतात आणि त्या क्षणी कान बंद, मग तुम्ही नाव घेऊन घसा बसेपर्यंत ओरडा. ताशी ५०-६० किमीने पळणाऱ्या जनावरामागे आपण धावून काय करणार? म्हणून पहिला नियम, पट्टा सोडायचा तो फक्त पूर्ण बंद जागेत. कुंपण निदान ६ फूट हवं, आणि सोडायच्या आधी एक चक्कर मारून खालच्या फटी, उघडं फाटक, लोंबणारी तार बघून घ्या, कारण यांची कातडी पातळ असते, साध्या तारेनेही उभी फाटते.

साधी कॉलर चालत नाही, यांचं डोकं इतकं निमुळतं की मागे सरकून अलगद काढून घेतात. मार्टिंगेल कॉलर घ्या (ओढ लागली की थोडी आवळते, म्हणून डोक्यावरून निसटत नाही), रुंद कापडी. आणि आपोआप गुंडाळणारा दोरीचा पट्टा तर नकोच नको. मी वापरलाय, मांजर दिसलं, पाच मीटर दोरी संपेपर्यंत हा फुल स्पीडला, हिसका बसला आणि हँडल माझ्या हातातून सुटलं, मग ते रस्त्यावर खडखडत मागे येतंय म्हणून घाबरून आणखी जोरात पळाला. नशीब गाडी आली नाही. मानेला इजा होते ती वेगळीच.

सोडल्या सोडल्या पळवू नका, आधी दहा मिनिटं पट्ट्यावर चालवा, स्नायू गरम होऊ देत. मग दोन-चार जोरदार फेऱ्या झाल्या की ही मंडळी स्वतःच थांबतात, तेवढं पुरतं, बाकी रोजचं चालणं आहेच. पिल्लू असेल तर वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत सायकलमागे पळवणं, उड्या मारायला लावणं बंद, हाडं वाढत असतात. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्रीच. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी धावणं नाही. पोट टम्म झालंय आणि उलटीचा उमाळा येतोय पण काही पडत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच मिनिटाला डॉक्टर.

आता केस. इथे बहुतेकजण फसतात, वरवर ब्रश फिरवला की मस्त चमकतं आणि आत कातडीपाशी जट धरलेली असते. कुत्र्याला कुशीवर झोपवा, पाण्यात थोडं कंडिशनर घालून फवारा मारा (कोरडे केस तुटतात), मग एका हाताने केस वर धरून खालून एकेक पातळ थर सोडत मुळापासून टोकापर्यंत पिन ब्रश, आणि शेवटी लोखंडी कंगवा. कंगवा कुठेच अडकला नाही तरच झालं म्हणायचं. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि कॉलरखाली सगळ्यात जास्त गुंता होतो. गाठ बोटांनीच उसवायची, कात्री घातलीत तर कातडी कापायची भीती. आणि गुंता न काढता अंघोळ घातली की जट इतकी आवळते की शेवटी मशीनच मारावी लागते, हे मी एकदाच केलं. पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात ते काही महिने तर रोज बसावं लागतं, कंटाळलात तर तेव्हाच कंटाळाल.

पाठीवर आखूड केसांचा पट्टा आपोआप येतो हां, तो कापून करायचा नसतो! जेवताना कानांवर कापडी टोपी चढवा, नाहीतर कानाचे केस वाटीत. ऑपरेशनची वेळ आली तर भुलीआधी डॉक्टरांना जात मुद्दाम सांगा, थायोपेंटलसारख्या भुलीच्या औषधांचा अंमल यांच्यात फार वेळ टिकतो.

फिरून आलात की बोटांच्या बेचक्यात हात घाला, गवताचं कुसळ तिथेच घुसतं आणि केसांमुळे चार दिवस कळतही नाही.