अनंत चतुर्दशीच्या झांक्या: इंदूरच्या चल समारोहाचा इतिहास कसा नोंदवावा

इंदूरमधल्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या मिरवणुकीत (चल समारोहात) गाड्यांवरून निघणारे सजवलेले देखावे, १९२० च्या दशकापासून निघताहेत आणि उद्योगपती सर सेठ हुकुमचंद यांच्या मिलचं नाव त्यात सर्वात आधी येतं, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण अमुक वर्षीच्या झांकीतला हत्ती सोंड कशी हलवायचा, ती मोटर कोणी बसवली, हे कुठेही लिहिलेलं सापडत नाही. म्हणून शंभर वर्षांचा इतिहास लिहायला बसू नका. एकच मिल निवडा, तिच्या झांक्यांची तीन-चार वर्षं पक्की करा. तेवढं नीट झालं तरी मोठं काम आहे.

सुरुवात माणसांपासून करा, कागद थांबू शकतात. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. तेव्हा पस्तिशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे, आणि साठच्या दशकातल्या झांक्यांवर हात चालवलेले आता मोजकेच उरले असतील.

भेटीला जाताना एखादा जुना फोटो बरोबर न्या. ‘काका, तेव्हा कसं असायचं हो?’ असं विचारलं तर ‘फार गर्दी, फार मजा’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: झांकी बैलगाडीवर होती, ट्रॉलीवर की ट्रकवर? वीज कुठून घेतली? सांगाडा बांबूचा की लोखंडी? हलणाऱ्या पुतळ्यामागे मोटर होती की आत माणूस बसून दोरी ओढायचा? वर्गणी पगारातून कापली जायची का? मिरवणुकीच्या वाटेवर कृष्णपुरा छत्र्यांपाशी किंवा सीतलामाता बाजारात काय अडकलं, काय मोडलं? मोडतोडीचा प्रश्न विसरू नका, कारागिरीचे सगळे तपशील त्याच उत्तरातून निघतात. घरातल्या आजींना, काकूंनाही विचारा. कोणत्या ओट्यावरून, कोणत्या गच्चीवरून बघायचो हे त्यांना पक्कं आठवतं, आणि त्यावरून त्या वर्षीचा मार्ग कळतो.

एका बैठकीला पाऊण ते एक तास पुरे. फोन फ्लाइट मोडवर टाका, छताचा पंखा बंद करायला सांगा (त्याच्या घरघरीत पुढे एक शब्द लागत नाही), आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. घरी आल्यावर त्याच दिवशी तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा.

सालाचा घोळ होणारच. आठवणीत चार वर्षांच्या झांक्या मिसळून एक होतात. ‘कुठलं साल?’ याऐवजी ‘थोरल्याचा जन्म आधीचा की नंतरचा?’ असं विचारा, मग फोटोकडे वळा. गाडीच्या पाटीवर इंदूरचा ‘एमपी ०९’ क्रमांक असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. किमती आण्यात असतील तर बहुधा १९५७ च्या आधीचा, पण जुन्या पाट्या वर्षानुवर्षं तशाच लटकतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. झांकीत चंद्रावर उतरलेला माणूस असेल तर १९६९ च्या आधी जाता येत नाही, नंतर कितीही जाता येतं.

सगळ्यात जास्त फसगत मिलच्या नावावरून होते. गिरण्या बंद झाल्या तरी कामगारांनी झांक्या त्याच नावानं चालू ठेवल्या. फलकावर ‘हुकुमचंद मिल’ लिहिलंय म्हणजे भोंगा वाजत होता असं नाही. शिवाय मालवा मिल हे मिलचंही नाव आहे आणि वस्तीचंही. कोण कशाबद्दल बोलतंय ते तिथल्या तिथे विचारून घ्या.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन टिपा. सुटा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून टिफ (TIFF) फाइलमध्ये ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. लॅमिनेशन कधीच नको.

आता वर्तमानपत्रं. ‘नई दुनिया’ इंदूरमधून १९४७ पासून निघतो. अनंत चतुर्दशी भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला येते, शुक्ल पक्ष असल्यामुळे महाराष्ट्राच्या आणि माळव्याच्या पंचांगात महिन्याचा घोळ होत नाही. इंग्रजी तारीख मात्र सरकते: २०२३ मध्ये २८ सप्टेंबर, २०२५ मध्ये ६ सप्टेंबर. आधी जुन्या पंचांगातून तारीख काढा, मगच जुन्या अंकांची फाइल मागा. चल समारोह रात्रभर चालतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या अंकात अर्धवट बातमी असते. झांक्यांच्या आणि मिरवणुकीत कसरती करणाऱ्या अखाड्यांच्या स्पर्धेचे निकाल शोधायला पुढचे दोन-तीन अंकही पाहा. प्रत्येक कात्रणाआधी तारखेसकट अंकाचं नाव टिपा, नाहीतर घरी पोचल्यावर कात्रण कुठल्या दिवसाचं ते सांगता येत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये शोधू नका, महामारीमुळे झांक्या निघाल्या नव्हत्या.

नोंद लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे ते कुणी सांगितलं किंवा कुठे छापलंय ते लिहा. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही ठेवा. शेवटी स्कॅनची एक छापील प्रत ज्यांच्या घरचा फोटो त्यांना नेऊन द्या आणि ती हातात असताना पुन्हा विचारा, ‘हा कडेला उभा आहे तो कोण?’