संस्थानी दप्तर कसं वाचावं: औंधच्या एका कारकुनाच्या नातीचे चार शब्द

आमचं आटपाडी एके काळी औंध संस्थानात होतं आणि आजोबा तिथल्या कचेरीत कारकून होते. "औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना स्वतः बोलावून नोकरीला लावलं," ही गोष्ट आमच्या घरात देवघरातल्या टाकांइतकी पक्की. ती खरी का, एवढंच बघायला निघाले आणि चार वर्षं रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडत-बांधत बसले. तुम्हाला तुमच्या फलटणचं, जतचं, जमखंडीचं असं काही शोधायचं असेल, तर मी घातलेला वेळ तरी तुमचा वाचावा.

वंशावळीपासून सुरुवात करू नका. कोण कुणाचा दत्तक हे कुठेही छापलेलं मिळतं. आधी बघा, आपलं संस्थान इंग्रजांशी कोणत्या कागदाने बांधलं गेलं. आमच्याकडे ते असं झालं: 1818 ला पेशवाई बुडाली, 1819 ला इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला आणि 1820 मध्ये औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट या जहागिरदारांशी वेगळे करारनामे केले. धनी सातारकर, हमी ईस्ट इंडिया कंपनीची. 1849 मध्ये सातारा खालसा झाल्यावर मधला धनीच गेला आणि साताऱ्याचा कलेक्टर औंध-फलटणचा पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रजांच्या वतीने देखरेख करणारा अधिकारी, होऊन बसला. एचिसन या इंग्रज अधिकाऱ्याने जमवलेल्या तहनाम्यांच्या खंडांत हे करारनामे मिळतात. कंटाळवाणे आहेत, तरी वाचाच. दत्तकाला मंजुरी कुणाची लागायची, इथपासून पुढची अर्धी भांडणं त्यात दडलेली असतात.

मग नकाशा. संस्थान म्हणजे एक सलग मुलूख अशी समजूत असेल तर सोडून द्या. औंधचा एक तुकडा औंधला, एक आटपाडीला, एक कुंडलला आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकच खंड काढून भागत नाही. साताऱ्याचा 1885 चा खंड घ्या आणि शेजारच्या जिल्ह्यांचेही चाळा. लेखक साहेबाच्या खुर्चीतून बघतो, हे लक्षात असू द्या. पीकपाणी, बाजार, रस्ते यांवर भरवसा ठेवा, माणसांबद्दलच्या शेऱ्यांवर नको.

आता खरं काम, दप्तर. 8 मार्च 1948 ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि कागद एका जागी राहिले नाहीत. पुणे आणि कोल्हापूर, दोन्ही पुराभिलेखागारांत चौकशी करा. सरकारच्या राजकीय खात्याचा पत्रव्यवहार हवा असेल तर मुंबईला जावं लागेल. "औंधचं सगळं दाखवा" म्हणालात तर कुणी दाद देणार नाही. गाव, खातं आणि साल सांगा.

साल म्हटलं की माझी फजिती आठवते. आजोबांच्या नेमणुकीच्या कागदावर फसली, म्हणजे महसुली सन, 1318 होतं. मी कुठल्याशा कोष्टकावरून 592 मिळवले, 1910 आलं. बाळासाहेब गादीवर आले 1909 च्या अखेरीस, म्हणजे गोष्ट खरी! मी घरी फोनसुद्धा केला. शेजारी बसलेल्या एका वृद्ध अभ्यासकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, हे कोष्टक उत्तरेतलं दिसतंय?" दख्खनी फसली जूनच्या सुमारास, मृगाला सुरू होते. तिच्यात जून ते डिसेंबरसाठी 590 आणि जानेवारीपासून पुढे 591 मिळवायचे. म्हणजे 1908-09. तेव्हा गादीवर होते बाळासाहेबांचे पुतणे गोपाळकृष्णराव, ज्यांना पुढे इंग्रजांनी पदच्युत केलं! आजोबा चुकीच्या राजाच्या अमदानीत लागले होते. थोरले काका त्या दिवसापासून माझ्याशी तुटक बोलतात.

जुन्या कागदांची मोडी लिपी शिकायलाच हवी, पण घाबरू नका. शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसते, एवढं डोक्यात ठेवून रोज एक पान वाचा. मला सगळ्यात छळलं ते दोन उभ्या दांड्यांनी. अक्षरापुढे ॥ आलं तर तो संक्षेप, म्हणून मौ॥ म्हणजे मौजे. आकड्यापुढे आलं तर अर्धा रुपया, म्हणजे आठ आणे. ८॥= म्हणजे आठ रुपये दहा आणे, कारण एकेक आडवी रेघ एकेका आण्याची. मी पहिला महिनाभर आजोबांचा पगार आठच रुपये लिहीत होते.

शेवटी एकाच बाजूच्या कागदावर विसंबू नका. संस्थानचा वार्षिक अहवाल वाचलात तर प्रजा अगदी सुखात दिसते. त्याच सालचे 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश' काढा, संस्थानी रयतेची गाऱ्हाणी तिथे सापडतात. औंधची बाजू बरी होती, 1939 मध्ये बाळासाहेबांनी कारभार लोकांच्या हाती देणारी घटना दिली, त्यात गांधीजींचा सल्ला होता. पण म्हणून आधीच्या तीस वर्षांचे कागद सोडायचे नाहीत.

आणि गावात म्हाताऱ्या माणसांकडे जाल तेव्हा "राजा कसा होता?" असं विचारू नका, सगळे "देवमाणूस" म्हणतात. "संस्थानची शीव कुठं होती?" असं विचारा. कुंडलला मी हे विचारलं तेव्हा एक आजोबा काठी टेकत उठले आणि मला थेट रानात घेऊन गेले. इंग्रजांचा पोलीस कुठवर यायचा आणि नाना पाटलांच्या भूमिगत पत्री सरकारची पोरं कुठल्या ओढ्यापलीकडे जाऊन बसायची, ते त्यांनी बांधावर उभं राहून दाखवलं.