लॅबमधली काच हात न कापता कशी हाताळावी

अकरावीची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की कोल्हापुरात पहिली सूचना पायांबद्दलच द्यावी लागते. कोल्हापुरी चप्पल कितीही झ्याक असली तरी लॅबमध्ये नको. काच आणि ॲसिड, दोन्ही शेवटी पायावरच येतात. बंद बूट, सुती ॲप्रन, गॉगल, केस बांधलेले. मगच भांड्याला हात लावा.

आधी भांडं उजेडासमोर फिरवून बघा. बीकरच्या काठाची कपची लगेच दिसते. गोल बुडाच्या फ्लास्कला पडलेला चांदणीसारखा बारीक तडा मात्र नजरेतून सुटतो, आणि तापवल्यावर फ्लास्क तिथूनच जातो. असं भांडं गुपचूप रॅकमध्ये सरकवू नका, लॅब असिस्टंटच्या हातात द्या. ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची लांब काचेची नळी, नेताना उभी धरा. ॲसिडची मोठी बाटली नुसत्या मानेला धरून उचलू नका, दुसरा हात बुडाखाली हवा. जुलैच्या झडीत तर आधी हात आणि बाटली दोन्ही कोरडे पुसा.

हात कापायची हमखास जागा म्हणजे रबरी बुचात काचेची नळी घालणं. पोरं नळी लांबून धरतात आणि जोर लावतात. नळी मध्येच मोडते आणि तिचं टोक बूच धरलेल्या तळव्यात घुसतं. म्हणून नळीची टोकं ज्योतीवर गुळगुळीत केलेली आहेत ना, ते बघा. टोकाला ग्लिसरीन लावा, नसेल तर पाणी. दोन्ही हातांना जाड फडकं गुंडाळा. नळी बुचाजवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर धरा आणि हळूहळू फिरवत आत सरकवा. बुचामागे तळवा ठेवू नका. जात नसेल तर भोक मोठं करा. अडकलेली नळी काढायची तर सरळ बूच कापा. बूच दुसरं मिळतं.

तापवायला फक्त बोरोसिलिकेट काच घ्या. ती उष्णतेनं साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. मेजरिंग सिलिंडर किंवा जाड बाटली ज्योतीवर धरू नका. गरम बीकर कडप्प्याच्या ओल्या ओट्यावर टेकवलात तर बोरोसिलिकेटही तडकू शकतं. टेस्ट ट्यूब तापवताना तिरकी धरा, तोंड कुणाकडेही नको, शेजारच्या रोल नंबरकडेही नको. गरम काच थंड काचेसारखीच दिसते. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या.

डेअरीत गर्बर पद्धतीनं (ॲसिड घालून) दुधातलं फॅट काढणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाईल अल्कोहोल हलवलं की नळी चटका बसेल इतकी तापते. ती फडक्यात गुंडाळूनच हलवा, बूच तोंडासमोर धरू नका.

काच फुटलीच तर ब्रश आणि सुपडी घ्या. बारीक कण ओल्या कापसाच्या बोळ्यानं चिमट्यात धरून टिपा. तुकडे वेगळ्या खोक्यात भरून त्यावर ठळक ‘फुटकी काच’ लिहा, नाहीतर घंटागाडीवाल्याचा हात कापेल. हात कापला तर वाहत्या पाण्याखाली धरा. तुकडा खोल रुतला असेल तर उपसू नका. जखमेच्या कडेनं दाबून धरा आणि जवळचा दवाखाना नाहीतर कोल्हापुरातलं सरकारी सीपीआर रुग्णालय गाठा.